पोलीस स्थानकात संसार नेण्याआधी: गोव्यात कुठला कागद, कुठल्या दारी, कुठल्या क्रमाने

“त्याला जरा बोलावून समज द्या.” विधी सेवेची स्वयंसेवक म्हणून मी बायकांचे, आणि अधूनमधून पुरुषांचेही, अर्ज लिहून देते. हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही. पुढचे निम्मे घोटाळे याच वाक्यातून निघतात. समज मागितली की समजच मिळते. नवऱ्याला बोलावतात, दोन शब्द सुनावतात, एका कागदावर दोघांची सही घेतात आणि दोघांना एकाच स्कूटरवरून घरी पाठवतात. वर्षभराने कोर्टात प्रश्न येतो, मारहाण होत होती तर तक्रार कुठे आहे? कागदावर असतं, “पती-पत्नीचा किरकोळ वाद, आपसात मिटला.”

पोलीस घटना बघतात. संसार कोणामुळे मोडला, कोण चुकलं, पुढे काय व्हावं हे ठरवायचा अधिकार त्यांना नाही. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला कागद कुठे द्यायचा ते बरंचसं आपोआप कळतं.

## टप्पा १: आधी दार ओळखा

आत्ता, या क्षणी जिवाला धोका असेल तर पुढचं काहीही वाचू नका, ११२ लावा. पत्ता सांगताना घर क्रमांकाच्या नादी लागू नका. गोव्यातल्या वाड्यांवर घर क्रमांकाने पोस्टमन सोडून कोणालाच घर सापडत नाही. गाव, वाडा, जवळचं देऊळ किंवा कपेल (छोटं चर्च), बसथांबा आणि घराचा रंग सांगा. महिला मदतवाहिनीचा क्रमांक १८१.

धोका तेवढा तातडीचा नसेल तर आपल्याला नक्की काय हवंय ते कागदावर लिहून काढा. मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं, पैशांसाठी किंवा हुंड्यासाठी छळ, कोर्टाचा आदेश मोडणं हे पोलिसांकडचं काम. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, घरातला हिस्सा, दागिन्यांची वाटणी, “तिला नांदायला पाठवा” किंवा “त्याला घरातून काढा” हे पोलिसांच्या हातात नाही. यातलं एखादं काम एखाद्या अधिकाऱ्याने तोंडी करून दिलंच, तरी दुसऱ्या दिवशी त्याची किंमत शून्य असते.

लोक सर्वांत जास्त चुकतात ते विवाहबाह्य संबंधांच्या बाबतीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम रद्द केलं, त्यामुळे तो आता गुन्हा नाही. “अमुक लॉजवर दोघं आहेत, धाड घाला” म्हणून फोन केलात तर पोलीस येणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. घटस्फोटाच्या दाव्यात मात्र ही बाब उपयोगी पडते, म्हणून तो पुरावा वकिलासाठी ठेवा. पहिलं लग्न कायम असताना दुसरं लग्न केलं असेल तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकत नाहीत असा, असल्याने तक्रार थेट दंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते.

तपासा: तुमच्या यादीत पोलिसांचं एकही काम नसेल तर स्थानकात जाऊ नका. टप्पा ७ किंवा १० पासून सुरू करा.

## टप्पा २: कागदांची पिशवी

ही पिशवी भांडणाच्या दिवशी भरायची नसते. आधीच भरून माहेरी किंवा विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायची.

गोव्यात पहिला कागद म्हणजे तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयातून मिळणारा विवाह नोंदणीचा दाखला. मंगल कार्यालयातले फोटो, पत्रिका, भटजींनी दिलेला कागद या दाखल्याची जागा घेत नाहीत. इथलं लग्न दोन सह्यांनी पुरं होतं. आधी लग्न करण्याच्या इराद्याची सही, मग मध्ये काही दिवस गेल्यावर दुसरी. पहिली सही झाली, अक्षता पडल्या आणि दुसरी सही राहून गेली, अशी जोडपी मी पाहिली आहेत. घटस्फोटाच्या वेळी ही राहिलेली सही मोठी अडचण होते. मारहाणीच्या तक्रारीला मात्र तिने अडायचं कारण नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लग्नासारखं नातंही बसतं.

बाकीचं म्हणजे मुलांचे जन्मदाखले, आधार, बँकेची पासबुकं, घरपट्टीची पावती किंवा विजेचं बिल (तुम्ही त्या घरात राहत होता हे दाखवायला), दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नातले दागिने अंगावर दिसतील असे दोनचार फोटो. नवरा बोटीवर किंवा आखातात असेल तर त्याच्या पासपोर्टची, कराराची आणि कंपनीच्या पत्त्याची प्रत. तो गावी असतानाच ही प्रत मिळते, नंतर मागत बसावं लागतं.

मोबाइलमधल्या संदेशांबद्दल दोन गोष्टी. मूळ फोन जपा, विकू किंवा साफ करू नका, कारण पुढे कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यासाठी ते मूळ उपकरण लागतं. स्क्रीनशॉट काढताना नंबर, तारीख आणि आधीचे दोन संदेश दिसू देत. फक्त समोरच्याची शिवी कापून ठेवली तर त्याचा वकील आधीचे संदेश घेऊन उभा राहतोच.

सावधान: नवऱ्याच्या किंवा बायकोच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकू नका. तक्रार तुमच्यावर उलटेल.

## टप्पा ३: मार लागला असेल तर आधी इस्पितळ

क्रम असा: आधी इस्पितळ, मग पोलीस. उशीर होणार असला तरी दोन्ही त्याच दिवशी. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, मडगावचं जिल्हा इस्पितळ (पूर्वीचं हॉस्पिसियो), म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा तुमच्या तालुक्यातलं सरकारी इस्पितळ, जे जवळ असेल तिथे जा. कॅज्युअल्टीत नोंद करणारा विचारतो, “कसं लागलं?” आणि इथे नव्वदच्या दशकातल्या बायका म्हणायच्या ते उत्तर आजच्या मुलीही देतात: “न्हाणीघरात पाय घसरला.” त्या एका ओळीने पुढची सगळी तक्रार लंगडी होते. कोणी, कशाने, कुठे मारलं ते डॉक्टरला सांगा. डॉक्टर ते केसपेपरवर लिहितो आणि पोलिसांना कळवतो.

वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त गडद दिसतात. पहिल्या दिवशीचे आणि नंतरचे, दोन्ही दिवसांचे फोटो काढा. एका फोटोत चेहरा आणि वळ एकत्र यायला हवेत, नाहीतर तो हात कोणाचा हाच वाद होतो.

## टप्पा ४: अर्ज लिहिणं

सगळं ज्याच्यावर अडतं तो टप्पा हा, म्हणून इथे जरा थांबते.

एका तालुक्याच्या स्थानकात एक मुलगी स्वतः लिहिलेला सात पानी अर्ज घेऊन आली होती. साखरपुड्यात मानपानावरून काय झालं, पहिल्या चवथीला माहेरी का पाठवलं नाही, नणंद काय बोलली. हवालदाराने पहिलं पान वाचलं, मग शेवटचं उलटलं, मग बोटाला थुंकी लावून मधली पानं चाळली. “बाय, हे सगळं खरं असेल. पण तू आज का आलीस ते कुठे आहे?” ते पाचव्या पानाच्या तळाशी होतं, एका ओळीत. आदल्या रात्री नवऱ्याने तिचा गळा दाबला होता.

तिला माझ्या शेजारी बसवून आम्ही अर्ज नव्याने लिहिला, दीड पानाचा. घडण अशी ठेवली:

१. पहिल्या परिच्छेदात शेवटची घटना. तारीख, साधारण वेळ, घरातली नेमकी जागा, कोणी काय केलं, कशाने केलं, तुम्हाला कुठे लागलं, कोणी पाहिलं किंवा ऐकलं, नंतर तुम्ही कुठे गेलात.

२. दुसऱ्या परिच्छेदात आधीच्या दोन-तीन घटना, तारखेसह. तारीख आठवत नसेल तर “गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी”, “मुलीच्या बारशानंतरच्या आठवड्यात” असं लिहा. खोटी नेमकी तारीख घालण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

३. पैशांची किंवा वस्तूची मागणी झाली असेल तर ती वेगळ्या परिच्छेदात. किती, कशासाठी, कोणी, कोणासमोर.

४. शेवटी मागणी: “या घटनेबद्दल गुन्हा नोंदवावा.”

दुसरा परिच्छेद का लागतो ते समजून घ्या. नुसती साधी दुखापत, म्हणजे न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र आहे. पोलीस ती एनसी (अदखलपात्र नोंद) म्हणून लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. तेच मारणं छळाच्या मालिकेतलं असेल, म्हणजे शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होईल असं वागणं असेल, किंवा मागणीसाठीचा जाच असेल, तर कलम ८५ लागतं. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. घटना तीच असते. तुमच्या कागदात मालिका दिसली की नाही यावर कलम बदलतं. तसंच “कशाने” हेही लिहायलाच हवं, कारण हाताने मारणं आणि कोयत्याने मारणं यांची कलमं वेगळी.

तीन चुका हमखास होतात. “समज द्यावी” लिहिणं, ते वर आलंच. “सासरची सर्व मंडळी” असं लिहून दुबईतल्या दिरापासून लग्न झालेल्या नणंदेपर्यंत सगळ्यांना गोवणं. जिच्याविरुद्ध एकही घटना सांगता येत नाही तिचं नाव घातलंत की उच्च न्यायालयात आधी तिचं नाव निघतं, आणि सगळा अर्जच फुगवलेला होता असं समोरच्याला म्हणता येतं. तिसरी चूक म्हणजे वकिलाकडून किंवा इंटरनेटवरून घेतलेला तयार मजकूर. “क्रूर, पाशवी, अमानुष” असे शब्द त्यात भरलेले असतात आणि तुमच्या स्वयंपाकघरातलं काहीच नसतं.

तपासा: अर्ज एखाद्या तिऱ्हाइताला वाचायला द्या. “काय झालं, कधी, कुठे” हे त्याला पहिल्या आठ ओळींत सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ५: स्थानकात

अर्जाच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. अर्ज मराठीत किंवा कोकणीत दिला तरी चालतो, तोंडी सांगितलं तरी चालतं. मात्र गोव्यात नोंद बहुतेकदा इंग्रजीत टाइप होते. तोंडी माहिती लिहून घेतल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवावी असं कायदाच सांगतो, तेव्हा “मराठीत सांगा, मग सही करते” म्हणायला लाजू नका. एकदा “पुश्ड” एवढाच शब्द पडलेला मी पाहिला. सांगणारी म्हणाली होती, “जिन्यावरून ढकललं.”

“हे आमच्या हद्दीत येत नाही” हे उत्तर आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही स्थानकाने घ्यायची आणि मग योग्य स्थानकाकडे पाठवायची. सासर बेळगावात किंवा सावंतवाडीत आणि तुम्ही आता डिचोलीला माहेरी आलेल्या असाल, तरी इथे तक्रार करता येते. सासरहून बाहेर पडावं लागलेली स्त्री जिथे आसरा घेते तिथेही छळाची तक्रार चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पणजीला महिला पोलीस स्थानक आहे, पण तिथेच जायला हवं असं नाही. काणकोणहून पणजी गाठायच्या नादात दिवस घालवू नका.

अर्ज दिल्यावर तीनपैकी एक काहीतरी होतं:

- एफआयआर नोंदवतात. प्रत मोफत मिळते, मागून घ्या. तपास अधिकाऱ्याचं नाव आणि गुन्हा क्रमांक लिहून ठेवा. तपासात काय झालं ते नव्वद दिवसांत तुम्हाला कळवायचं बंधन त्यांच्यावर आहे.
- प्राथमिक चौकशी लावतात. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या टप्प्यातल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने ही चौकशी करता येते, पण मुदत चौदा दिवसांची. पंधराव्या दिवशी जाऊन लेखी विचारा.
- एनसी करतात किंवा नकार देतात. तेव्हा अर्जाची प्रत जोडून पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, पोच ठेवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ही पायरी वगळून थेट कोर्टात गेलात तर कोर्ट पहिलं तेच विचारतं.

सावधान: जबाबासाठी स्त्रीला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा साठीपुढच्या माणसाला साक्षीदार म्हणून स्थानकात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं. आणि पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. तक्रारीवर सही असते, जबाबावर नसते. या दोन्हींत गल्लत होते.

## टप्पा ६: समेटाची बैठक

बहुतेक स्थानकांत दोघांना समोरासमोर बसवतात. याला समुपदेशन म्हणतात. खरंच समुपदेशक असेल तर उत्तम, पण अनेकदा टेबलाच्या एका बाजूला उपनिरीक्षक, दुसऱ्या बाजूला दोन्हीकडचे मामा-काका आणि दारात गावचा पंच असतो. बैठकीला जाण्यात वावगं काही नाही, कित्येक संसार अशा टेबलावर सावरलेही आहेत. पण बैठक म्हणजे निकाल नव्हे, आणि तिथे तुम्ही गेलंच पाहिजे असंही नाही. मारहाण झाली असेल तर “आधी गुन्हा नोंदवा, मग बसू” असा क्रम धरा.

बैठकीत एक कागद निघतो. त्यावर सही करण्याआधी तीन गोष्टी पाहा. घडलेली घटना त्यात लिहिली आहे का, की नुसतं “गैरसमज” म्हटलंय? समोरच्याने कशाची हमी दिली ते नेमकं आहे का? आणि “यापुढे माझी काही तक्रार नाही” असं वाक्य कुठे दडलंय का? ते असेल तर खोडायला लावा, दोघांच्या सह्या खोडल्याजागी घ्या. नाही खोडलं तर सही करू नका. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही, “नंतर भरतो” म्हटलं तरी.

आणखी एक कागद याच टेबलावर जन्माला येतो. शंभराचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा लाल शिक्का, “आजपासून आमचा एकमेकांशी पती-पत्नी म्हणून संबंध नाही.” दोघांची सही, दोन साक्षीदार. अशा कागदाची घडी पाकिटात जपून ठेवणारा एक गृहस्थ मला भेटला. दुसऱ्या लग्नाची पहिली सही करायला तो रजिस्ट्रारकडे गेला तेव्हा पहिलं लग्न पुस्तकात जसंच्या तसं उभं होतं. या कागदाने घटस्फोट होत नाही. पोलिसांसमोर लिहिला तरी होत नाही, सरपंचासमोर लिहिला तरी नाही. तोंडी तलाकचंही तेच. शिवाय २०१९ च्या कायद्याने तीन तलाक हा गुन्हा आहे.

तपासा: बैठकीनंतर घरी परत जाणार असाल तर पुढच्या आठवड्यात एकदा स्वतः फोन करून किंवा भेटून कसं चाललंय ते अधिकाऱ्याला कळवा. पुन्हा हात उचलला गेला तर जुन्या कागदाचा क्रमांक टाकून नवा अर्ज द्या. जुन्याच अर्जावर “मागे दिला होता ना” म्हणत थांबू नका.

## टप्पा ७: त्याच आठवड्यात दुसरं दार

एफआयआरने नवऱ्याला शिक्षा होऊ शकते, पण तुमच्या डोक्यावर छप्पर आणि हातात पैसे येत नाहीत. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. यात पोलिसांचं काम कलम ५ मध्ये लिहिलेलं आहे: संरक्षण अधिकारी, मोफत वकील, आसरा आणि कोर्टात अर्ज करण्याचा हक्क यांची माहिती तुम्हाला देणं. ती मिळाली नाही तर मागा.

गोव्यात संरक्षण अधिकाऱ्याचं काम गटविकास अधिकाऱ्यांकडे सोपवलेलं आहे, म्हणून तालुक्याच्या गटविकास कार्यालयात जा. तिथे घटनेचा अहवाल एका ठरावीक नमुन्यात भरतात आणि दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. तुम्ही वकिलामार्फत थेट कोर्टातही जाऊ शकता. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

या अर्जात काय काय मागता येतं: मारहाण थांबवण्याचा आदेश, घरात राहू देण्याचा आदेश, दरमहा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, भरपाई. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, वडिलोपार्जित आहे, वाटणी झालेली नाही, हे कारण दाखवून बाईला बाहेर काढता येत नाही. सामायिक घरात राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नसतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराबाबतही हेच सांगितलं. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. साठ दिवसांचा हिशोब धरून घरभाड्याचा करार करू नका, पण तातडीचा अंतरिम आदेश मात्र पहिल्याच तारखेला मागा.

आणि इथे पोलीस पुन्हा येतात. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची प्रत स्थानकाला जाते, तरी एक प्रत पर्समध्ये आणि एक फोनमध्ये ठेवा. रात्री अकराला दारात उभ्या असलेल्या शिपायाला फाइल शोधायला सांगण्यापेक्षा कागद हातात देणं सोपं.

## टप्पा ८: तक्रार तुमच्यावर असेल तर

हे नवऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. स्थानकातून फोन आला की फोन बंद करून पाहुण्यांकडे जाणं ही सर्वांत महागडी चूक. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आपोआप अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलेलं आहे. आता सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस येते. नोटीसप्रमाणे हजर राहिलात तर लेखी कारणं दिल्याशिवाय अटक करता येत नाही. गैरहजर राहिलात तर ते कारण तुम्हीच त्यांच्या हाती दिलंत. फोनवर बोलावलं असेल तर नम्रपणे लेखी नोटीस मागा, वकिलाला विचारा, अटकपूर्व जामीन लागेल का ते त्याला ठरवू द्या.

बायकोला फोन करून “केस मागे घे” म्हणू नका, गावातल्या दहा माणसांकडून म्हणवू नका. तसंही कलम ८५ चा गुन्हा पोलिसांकडे मागे घेता येत नाही. दोघांचं खरंच जुळलं तर पर्वरीच्या उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो.

पुरुषाला मारहाण झाली, धमकी आली, तर त्यानेही टप्पा ३ ते ५ तसेच पाळायचे. कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त स्त्रीला दाद देतो, पण दुखापतीची कलमं सर्वांना सारखीच आहेत.

## टप्पा ९: मुलं

बापाने मुलाला आपल्या आईकडे नेऊन ठेवलं तर ते बहुतेक वेळा अपहरण ठरत नाही, आणि “मूल आणून द्या” हा अर्ज पोलिसांकडे अडकतो. कोर्टात ताब्याचा अर्ज करा. जिवाला धोका असेल तर उच्च न्यायालयात जाता येतं. मुलालाच मार बसत असेल तर गोष्ट वेगळी. गोवा बालक कायदा, २००३ खाली तो स्वतंत्र गुन्हा आहे. त्याची वेगळी तक्रार द्या, आईच्या अर्जात एका ओळीत गुंडाळू नका.

## टप्पा १०: घटस्फोट, पोलिसांशिवाय

महाराष्ट्रातल्या मावशीचा सल्ला इथे चालत नाही. गोव्यात नोंदलेल्या लग्नाला हिंदू विवाह कायदा लागत नाही, १९१० चा पोर्तुगीजकालीन घटस्फोट कायदा लागतो. दिवाणी न्यायालयात दावा घालायचा. छळ किंवा गंभीर दुखापत आणि तीन वर्षं घर सोडून जाणं ही त्यातली दोन कारणं, आणि तुमचे पोलीस स्थानकातले कागद उपयोगी पडतात ते इथे. परस्पर संमतीने हवा असेल तर लग्नाला दोन वर्षं उलटलेली असावी लागतात.

दावा दाखल करताना हे जोडा: विवाहाचा दाखला, एफआयआरची किंवा एनसीची प्रत, इस्पितळाचे कागद, हिंसाचार कायद्याखालचे आदेश. सगळ्यांतल्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते आधी ओळीने मांडून पाहा. एकीकडे १२ तारीख आणि दुसरीकडे १४ असेल तर का ते वकिलाला आधीच सांगा, उलटतपासणीत नको.

वेगळा करार लग्नाआधी केलेला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात, अर्धी-अर्धी. एकाला दुसऱ्याच्या सहीशिवाय घर किंवा जमीन विकता येत नाही. तसं काही चाललंय असं कानावर आलं तर पोलिसांकडे धावू नका, वकिलामार्फत दिवाणी कोर्टात मनाई मागा. वाटणी घटस्फोटानंतर इन्व्हेंटरी प्रक्रियेत, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटण्या पाडण्याच्या प्रक्रियेत होते, आणि तीही कोर्टातच.

हुकूमनामा हातात आला की शेवटचं काम उरतं. त्याची प्रमाणित प्रत घेऊन जिथे लग्न नोंदलं त्याच सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयात जा आणि लग्नाच्या नोंदीवर घटस्फोटाचा शेरा पडला की नाही ते पाहा. पडला असेल तर शेऱ्यासह नवा दाखला काढून घ्या. पडला नसेल तर तिथेच लेखी अर्ज द्या आणि पोच घेऊनच जिना उतरा.